चौदा आठवड्यांचं पाळणाघर

२३ मार्च २०२० रोजी दुपारी बारा वाजता ऑस्ट्रेलियातले पब, जिम आणि चित्रपटगृहं बंद झाली. हॉटेलात बसून खाणं बंद झालं. पाळणाघरं मात्र सरकारने मुद्दाम चालू ठेवली. अतिदक्षता विभागातल्या नर्सने, वृद्धाश्रमातल्या मदतनिसाने, सुपरमार्केटच्या काउंटरवरच्या बाईने कामावर यावं असं वाटत असेल, तर तिचं दोन वर्षांचं मूल कुणीतरी सांभाळायला हवं, एवढा हिशेब कॅनबेरातल्या अधिकाऱ्यांनाही कळत होता. पण दार उघडं ठेवायचं म्हटलं तरी आतला खर्च कुणी करायचा, हा प्रश्न उरतोच. तो पुढच्या दहाच दिवसांत ऐरणीवर आला.

त्याच दिवशी देशभरातल्या सेंटरलिंकच्या, म्हणजे सरकारी भत्ते देणाऱ्या कार्यालयांबाहेर नोकरी गेलेल्यांच्या रांगा लागल्या. त्या रांगांमध्ये लहान मुलांचे आईबाप बरेच होते. नोकरी गेल्यावर घरखर्चातली पहिली काट पाळणाघराच्या फीवर बसते. ज्यांची नोकरी टिकली ते घरून काम करू लागले आणि संसर्गाच्या भीतीने त्यांनीही मुलं घरी ठेवली. बघता बघता वर्ग रिकामे झाले.

ऑस्ट्रेलियातलं पाळणाघर म्हणजे शेजारच्या काकूंनी दोन खोल्यांत चालवलेलं घरगुती पाळणाघर नव्हे. तिथे ते एक भलंमोठं, नियमांनी बांधलेलं क्षेत्र आहे. दोन वर्षांखालच्या दर चार मुलांमागे एक शिक्षिका हवी, हा राष्ट्रीय नियम. शिक्षिका प्रशिक्षित हवी, जागा ठरलेल्या मापाची हवी. मोठ्या शहरांत दिवसाची फी शंभर डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त होती. जुलै २०१८ पासून सरकार या फीचा काही भाग ‘चाइल्ड केअर सबसिडी’ म्हणून थेट पाळणाघराला देत असे आणि उरलेली रक्कम आईबाप भरत. कुणाला किती सबसिडी मिळणार हे कुटुंबाच्या उत्पन्नावर आणि आईबाप पंधरवड्याला किती तास काम किंवा शिक्षण करतात यावर ठरे. चांगल्या दिवसांत ही रचना चालून जाई. संकटात तिचा पायाच हलला. आईची नोकरी गेली की तिचे कामाचे तास गेले, तास गेले की सबसिडी आटली. मूल घरी ठेवलं तरी जागा राखण्यासाठी आपल्या वाट्याची फी भरावीच लागे. सरकारने वर्षाला ४२ गैरहजेऱ्यांची मुभा ६२ वर नेली, पण त्याने बापाच्या खिशातले पैसे वाढले नाहीत. लोकांनी नावं काढून घेतली.

पाळणाघर कोसळलं की काय होतं, हे त्या देशाने एकदा पाहिलं होतं. एबीसी लर्निंग ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी हजाराहून जास्त पाळणाघरं चालवत होती. नोव्हेंबर २००८ मध्ये ती कर्जाखाली बुडाली. ती दारं एका रात्रीत बंद झाली असती तर हजारो आईबाप दुसऱ्या सकाळी कामावर जाऊ शकले नसते. सरकारला तिजोरीतून पैसे ओतून ती चालू ठेवावी लागली. पुढे चार सेवाभावी संस्थांनी एकत्र येऊन त्यातली साडेसहाशेच्या आसपास केंद्रं विकत घेतली आणि त्यातून ‘गुडस्टार्ट’ ही ना-नफा संस्था उभी राहिली. २०२० मध्ये देशातली सगळ्यात मोठी पाळणाघर-संस्था तीच होती.

२ एप्रिल २०२० रोजी पंतप्रधान स्कॉट मॉरिसन आणि शिक्षणमंत्री डॅन टेहन यांनी घोषणा केली: सोमवार ६ एप्रिलपासून पाळणाघर मोफत. सुमारे दहा लाख कुटुंबांना एक पैसाही भरावा लागणार नाही. तीन महिन्यांसाठी १६० कोटी डॉलर. उत्पन्नाची अट नाही, कामाच्या तासांची अट नाही. बाजाराच्या हातात दिलेली पाळणाघरं हेच ज्या पक्षाचं वर्षानुवर्षांचं धोरण, त्याच पक्षाच्या सरकारने चार दिवसांच्या मुदतीत फीच रद्द केली. हा निर्णय धाडसाचा होता आणि बरोबरही होता, असं मला आजही वाटतं. ज्या गोष्टीला दशकानुदशकं ‘परवडणार नाही’ असं उत्तर मिळत होतं, ती एका आठवड्याच्या आत झाली.

त्याच सुमारास जगभरात सरकारं याच प्रश्नाशी झुंजत होती. इंग्लंडने २० मार्चला शाळा बंद केल्या, पण अत्यावश्यक कामगारांच्या आणि असुरक्षित परिस्थितीतल्या मुलांसाठी त्या उघड्या ठेवल्या, अगदी ईस्टरच्या सुटीतसुद्धा. नेदरलँड्सने १६ मार्चपासून शाळा आणि पाळणाघरं बंद करताना ठरावीक व्यवसायांतल्या आईबापांसाठी आपत्कालीन व्यवस्था केली, तीही विनामूल्य. न्यूयॉर्क शहराने २३ मार्चपासून परिचारिका, पोलीस, मेट्रोचे कर्मचारी अशांच्या मुलांसाठी खास केंद्रं उघडली. मुलांना तिथे तीन वेळचं खाणं मिळे. जर्मनीत सुरुवातीला बऱ्याच राज्यांत आई आणि बाप दोघेही यादीतल्या कामात असतील तरच मुलाला प्रवेश होता. मग लक्षात आलं की नर्सचा नवरा बँकेत असेल तर या नियमाने नर्सच घरी बसते. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाने आठवड्याभरातच, २३ मार्चपासून, एका पालकाची अट पुरेशी मानली आणि शनिवार-रविवारीही दारं उघडी ठेवली.

ऑस्ट्रेलियाने अशी यादीच केली नाही. ज्याला नोकरी आहे तो अत्यावश्यक, असं मॉरिसन यांनी मार्चच्या अखेरीस सांगून टाकलं होतं. पाळणाघरांना सूचना गेली ती एवढीच: काम करणाऱ्या आईबापांची मुलं, असुरक्षित घरांतली मुलं आणि आधीपासून नाव असलेली मुलं यांना प्राधान्य द्या. यादी नसल्यामुळे सफाई कामगार, ट्रकचालक, औषधांच्या गोदामातला माणूस यांना आपण अत्यावश्यक आहोत हे कुणापुढे सिद्ध करावं लागलं नाही, आणि ही फार चांगली गोष्ट झाली. पण प्राधान्य ठरवायचं काम त्यामुळे केंद्रचालिकेच्या गळ्यात पडलं.

आत काय चाललं होतं? आईबापांना फाटकाच्या आत प्रवेश नव्हता. शिक्षिका बाहेर येऊन मुलाला उचलून नेई आणि मूल मागे वळून रडत राही. दाराशीच ताप मोजला जाई. नोंदवहीचं एकच पेन सगळ्यांनी धरायचं बंद झालं. मऊ खेळणी, उश्या, पांघरूण घेऊन खेळायचे कोपरे उचलून ठेवले. लाकडी ठोकळे दिवसातून अनेकदा पुसले जात. मळलेल्या पिठाचा एकच गोळा सगळ्यांनी खेळायचा तो बंद, प्रत्येकाचा वेगळा. दुपारच्या झोपेच्या गाद्या लांब लांब, एकाचं डोकं इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. देशभर दीड मीटर अंतर पाळण्याच्या पाट्या लागल्या होत्या, पण आठ महिन्यांच्या बाळाचा लंगोट दीड मीटरवरून बदलता येत नाही. नाक पुसायचं, भरवायचं, पडलं की कडेवर घ्यायचं. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना संरक्षक पोशाख होता. दिवसभर दुसऱ्यांची मुलं अंगाखांद्यावर वागवणाऱ्या या बायकांच्या वाट्याला हातमोजे आणि सॅनिटायझरची बाटली आली. या क्षेत्रातल्या दहांतल्या नऊपेक्षा जास्त कर्मचारी बायका आहेत, आणि पगार देशातल्या कमी पगारांपैकी.

आता पैशांचं. मोफत म्हणजे आईबापांना मोफत. सरकार पाळणाघराला भरपाई देणार होतं ती निम्मी: फेब्रुवारीअखेरच्या पंधरवड्यात जेवढी फी जमली होती तिच्या ५० टक्के, तीही ताशी दराच्या एका मर्यादेपर्यंतच. पुढे कितीही मुलं आली तरी रक्कम तेवढीच. उरलेली तूट ‘जॉबकीपर’मधून भरून निघेल असं गृहीत होतं. ३० मार्चला जाहीर झालेली ही योजना नोकरी टिकवण्यासाठी मालकाला दर कर्मचाऱ्यामागे पंधरवड्याला १,५०० डॉलर देत होती. पाळणाघराचा मोठा खर्च पगाराचा, तो यातून निघेल आणि भाडं वगैरे त्या निम्म्यातून, असा आराखडा होता.

रिकाम्या पाळणाघरासाठी हा आराखडा ठीक होता. गोम अशी की फी रद्द होताच पाळणाघरं भरू लागली. ज्यांनी नावं काढली होती ते परत आले, आणि ज्यांना आधी परवडत नव्हतं तेही फोन करू लागले. प्रत्येक येणाऱ्या मुलाबरोबर शिक्षिकांची गरज वाढत होती, चारामागे एक हा नियम तर ढिला करता येत नव्हता, आणि मिळकत मात्र फेब्रुवारीच्या निम्म्यावर गोठलेली. शिवाय जॉबकीपर सगळ्यांना नव्हतंच. वर्षाच्या आत लागलेल्या हंगामी कर्मचाऱ्यांना ते नव्हतं. तात्पुरत्या व्हिसावरच्यांना नव्हतं, आणि या क्षेत्रात भारत, नेपाळ, फिलिपिन्समधून आलेल्या अशा कित्येक मुली होत्या. नगरपालिकांची पाळणाघरंही या योजनेबाहेर राहिली.

मग चालिकांनी जे करता येईल ते केलं. मुलांचे दिवस वाटून दिले, वेळा कमी केल्या, नवीन नावं थांबवली. आणि इथेच योजनेचा मूळ हेतू घसरला. रुग्णालयात जादा पाळ्या लागलेली नर्स आठवड्याला दोनाऐवजी चार दिवस मागायला येई आणि तिला ‘दोनच देऊ शकतो’ असं सांगावं लागे. जिच्यासाठी दार उघडं ठेवलं, तिलाच ते अर्धं मिळालं. सरकारने नंतर अशा केंद्रांसाठी पुरवणी रकमेची सोय केली, पण त्यासाठी अर्ज, कागदपत्रं आणि वाट पाहणं आलं.

सगळ्यात वाईट गत झाली ती स्वतःच्या घरात मुलं सांभाळणाऱ्या बायकांची. ‘फॅमिली डे केअर’ असं या प्रकाराला म्हणतात. शाळेत न जाणारी जास्तीत जास्त चार मुलं एका बाईने सांभाळायची. रात्रपाळीच्या, पहाटेच्या वेळांना बसतं ते हेच. समजा फेब्रुवारीत तिच्याकडे चार मुलं होती, आणि एप्रिल-मेमध्येही चारच, कारण त्यांचे आईबाप बस चालवत होते, नर्सिंग करत होते, कुणीच घरी बसलेलं नव्हतं. तिचं काम रतीभर कमी झालं नाही, उलट साबणाने धुण्यापुसण्याचं वाढलं. मिळकत मात्र निम्मी. जॉबकीपर मिळालं तर काही भरपाई, नाही मिळालं तर अर्ध्या पैशात पूर्ण काम. या योजनेला मोफत म्हणताना तिचा निम्मा भार कुणाच्या खांद्यावर होता, हे तिच्या स्वयंपाकघरात सगळ्यात स्पष्ट दिसत होतं.

मेलबर्न आणि सिडनीतल्या मराठी घरांचा या हकिगतीशी वेगळा संबंध आहे. नवराबायको दोघेही नोकरी करणाऱ्या अनेक घरांत पहिली दोन-तीन वर्षं मूल सांभाळणं म्हणजे पुण्याहून, नाशिकहून, नागपूरहून आजी येणं. ती सहा महिने राहते, मग दुसरी आजी येते. २० मार्च २०२० च्या रात्री नऊ वाजल्यापासून ऑस्ट्रेलियाने बाहेरच्यांना सीमा बंद केली आणि ही साखळी तुटली. नवरा-बायको आणि मुलं हे ‘निकटचे कुटुंबीय’ मानले गेले. आईवडील त्या व्याख्येत बसत नव्हते. ती व्याख्या बदलायला १ नोव्हेंबर २०२१ उजाडावा लागला. दरम्यान जन्मलेल्या नातवंडांना आज्यांनी मोबाईलच्या पडद्यावर रांगताना पाहिलं, आणि इकडे सुनेला, लेकीला पाळणाघराशिवाय पर्याय उरला नाही. आजी किती तासांचं काम करत होती, त्याची बाजारातली किंमत काय, हे अशा घरांना त्या दीड वर्षात कळलं.

आपल्याकडे त्या काळात अंगणवाड्या बंद होत्या आणि अंगणवाडीसेविका सर्वेक्षणासाठी दारोदार फिरत होत्या. मुंबईत लोकल बंद, म्हणून उपनगरांतल्या नर्सा बेस्टच्या आणि एसटीच्या बसने तासन्‌तास प्रवास करत होत्या. त्यांची आणि त्या सेविकांची मुलं आजीकडे, थोरल्या बहिणीकडे, शेजारणीकडे राहिली. तिथल्या सरकारचं पहिलं पाऊल चुकलं असेल, पण ते टाकलं तरी गेलं, एवढं श्रेय ऑस्ट्रेलियाला द्यायलाच हवं.

मे महिन्यात रुग्णसंख्या घटली. जूनपर्यंत पाळणाघरांतली उपस्थिती साथीच्या आधीच्या सुमारे तीन चतुर्थांशावर आली. देशातली जवळपास सगळी केंद्रं तग धरून होती, आणि त्या अर्थाने योजना यशस्वी झाली होती. ८ जूनला टेहन यांनी जाहीर केलं की १२ जुलै हा मोफत पाळणाघराचा शेवटचा दिवस. १३ जुलैपासून जुनी सबसिडी, जुनी फी. बदलाच्या काळात केंद्रांना फेब्रुवारीच्या मिळकतीच्या २५ टक्के मदत मिळेल. कामाच्या तासांची अट ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सैल राहील. आणि पाळणाघरांतल्या कर्मचाऱ्यांचं जॉबकीपर २० जुलैला संपेल.

ही शेवटची ओळ लोकांना लागली. जॉबकीपर सप्टेंबरअखेरपर्यंतचं होतं. विमान कंपन्या, हॉटेलं, दुकानं सगळ्यांना ते तोवर मिळणार होतं. सगळ्या क्षेत्रांतून ज्यांचं सर्वांत आधी काढून घेतलं त्या या बायका, ज्या संपूर्ण टाळेबंदीत कामावर येत राहिल्या होत्या. त्याआधी चारच दिवस, ४ जूनला, सरकारने घर बांधणाऱ्यांना आणि घराचं मोठं नूतनीकरण करणाऱ्यांना २५,००० डॉलरचं अनुदान जाहीर केलं होतं. बांधकामातला रोजगार वाचवायचा म्हणून. तो वाचवायलाच हवा होता. पण एकाच आठवड्यात पुरुषांचं क्षेत्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उद्योगाला नवा आधार आणि बायकांच्या क्षेत्राचा होता तो काढलेला, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की राग येतो. तिथल्या बायकांना आला, संघटनांना आला, आणि लिहिताना मलाही येतो.

फी परत सुरू झाली तेव्हा मेलबर्न आधीच पुन्हा टाळेबंदीत होतं, आणि तीनच आठवड्यांत ती आणखी कडक झाली. व्हिक्टोरिया राज्यात दुसरी लाट आली होती आणि ती शिरली वृद्धाश्रमांत. त्या वर्षी देशात कोव्हिडने गेलेल्यांत बहुसंख्य वृद्धाश्रमांतले होते. २ ऑगस्टला चौथ्या पातळीचे निर्बंध लागू झाले. रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी, आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. ६ ऑगस्टपासून पाळणाघरं फक्त परवानाधारक कामगारांच्या आणि असुरक्षित मुलांसाठी. एप्रिलमध्ये न केलेली यादी आता आली. आईबापांना कागद भरून द्यावा लागे की आपलं काम परवानगीच्या यादीत आहे आणि घरात मूल सांभाळायला दुसरं कुणी नाही. तो कागद फाटकाशी पाहायचा शिक्षिकेने, म्हणजे काल ज्या आईशी हसून बोललो तिला आज परत पाठवायचं कामही तिचंच.

मुलं घरी ठेवलेल्या आईबापांची फी माफ करायची मुभा केंद्रांना मिळाली होती. जी नर्स, जी वृद्धाश्रमातली मदतनीस मूल पाळणाघरात सोडून कामावर जात होती, तिने मात्र नेहमीसारखी आपल्या वाट्याची फी भरायची. एप्रिलमध्ये साथ तुलनेने आटोक्यात असताना देशभर सगळ्यांना मोफत, आणि ऑगस्टमध्ये मेलबर्न होरपळत असताना, दार केवळ अत्यावश्यक कामगारांसाठीच उघडं असताना, त्याच कामगारांना फी. मला तरी या सगळ्या प्रकरणातली सर्वांत न पटणारी गोष्ट हीच वाटते. २८ सप्टेंबरला मेलबर्नची पाळणाघरं पुन्हा सगळ्यांसाठी उघडली.

चौदा आठवड्यांची ती सवलत परत आली नाही, पण ती शक्य आहे हे लोकांनी पाहिलं होतं, आणि ते विसरलं गेलं नाही. २०२२ मध्ये सरकार बदललं, आणि नवं सरकार ज्या आश्वासनांवर निवडून आलं त्यांत स्वस्त पाळणाघर हे एक ठळक आश्वासन होतं. जुलै २०२३ पासून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची सबसिडी ९० टक्क्यांपर्यंत गेली. उत्पादकता आयोगाने २०२४ मध्ये सार्वत्रिक पाळणाघराच्या दिशेने जायची शिफारस केली. २०२५ च्या फेब्रुवारीत संसदेने कायदा केला. त्यानुसार जानेवारी २०२६ पासून सबसिडीस पात्र असलेल्या प्रत्येक कुटुंबाला, आईबाप किती तास काम करतात हे न विचारता, आठवड्यातून तीन दिवसांची सबसिडी.

शिक्षिकांच्या पगारालाही हात घातला गेला. सरकारच्या पैशातून १५ टक्के वाढ मंजूर झाली, पहिले १० टक्के डिसेंबर २०२४ पासून आणि उरलेले पुढच्या डिसेंबरपासून. तिला अट अशी की पैसे घेणाऱ्या केंद्राने फी ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढवायची नाही. म्हणजे यावेळी शिक्षिकेचा पगार आणि आईची फी या दोन्हींचा विचार एकाच कागदावर झाला. २०२० च्या एप्रिलमध्ये नेमकं तेवढंच राहून गेलं होतं.